दोन पेट्या आणि एक जुने देणे

१९९० सालच्या उत्तरार्धात ध्वनिमुद्रिकांच्या बाजारात सुमारे दोन महिन्यांच्या अंतराने दोन पेट्या आल्या. पहिली ऑगस्टमध्ये आली. ती लहानशी, दोनच तबकड्यांची होती. रॉबर्ट जॉन्सन नावाच्या अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय गवयाने १९३६ व १९३७ साली टेक्सस प्रांतातील सॅन अँटोनियो व डॅलस या शहरी गिटार घेऊन जी २९ गाणी गायिली, त्यांची ४१ मुद्रणे तीत एकत्र केली होती. हा गवई १९३८ साली, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, मिसिसिपी प्रांतात निवर्तला. त्याच्या मृत्यूचे कारण निश्चित झालेले नाही. त्याचे दफन कोठे झाले याविषयीही मतभेद आहेत, आणि तीन निरनिराळ्या ठिकाणी त्याच्या नावाचे दगड उभे आहेत.

दुसरी पेटी ऑक्टोबरात आली. ती लेड झेपेलिन या इंग्रज वाद्यवृंदाची. चार तबकड्या, ५४ गाणी, सोबत एक सचित्र पुस्तक असा तिचा थाट होता. विल्टशर परगण्यातील आल्टन बार्न्स येथे त्या उन्हाळ्यात उभ्या पिकात उमटलेल्या गूढ आकृत्यांचे छायाचित्र तिच्या आवरणावर होते, आणि त्या पिकावर एका हवाई जहाजाची लांबट सावली पडलेली दाखविली होती. या दोन पेट्यांची जोडी कोणी ठरवून जमविलेली नव्हती. परंतु दुसऱ्या पेटीत जी मोजकी दुर्मिळ मुद्रणे होती, त्यांत रॉबर्ट जॉन्सनच्याच एका गाण्यावर उभारलेली रचना होती. एका पेटीचा धागा असा दुसरीत गुंतलेला होता. तो धरून चालू लागले म्हणजे लेड झेपेलिनचा सारा इतिहास काहीशा निराळ्या प्रकाशात दिसू लागतो.

मिसिसिपीच्या सखल प्रदेशात कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांमध्ये ‘ब्लूज’ नावाचा गायनप्रकार वाढला. गिटार आणि कंठ एवढ्या सामग्रीवर चालणारे हे गाणे मळेवाल्यांच्या जगाला फारसे ठाऊक नव्हते. त्याच्या तबकड्या स्वस्तात विकल्या जात आणि गाणाऱ्याच्या हाती थोडीच रक्कम पडे. दुसऱ्या महायुद्धानंतर याच तबकड्या समुद्र ओलांडून इंग्लंडात पोहोचल्या. तेथील मध्यम व कष्टकरी वर्गांतील तरुणांनी त्या घासून घासून ऐकल्या. १९६० नंतर इंग्लंडात जे ‘रॉक’ संगीत उभे राहिले, त्याचा पाया मोठ्या अंशाने या ऐकण्यात आहे.

या तरुणांपैकी जिमी पेज हा १९४४ साली जन्मलेला गिटारवादक. लंडनच्या ध्वनिमुद्रण-गृहांत रोजंदारीवर इतरांच्या गाण्यांत वाजवून त्याने हात तयार केला आणि पुढे यार्डबर्ड्स या वृंदात तो सामील झाला. १९६८ साली तो वृंद मोडला, तेव्हा पेजने नवी माणसे गोळा केली. जॉन पॉल जोन्स हा त्याच्यासारखाच ध्वनिमुद्रण-गृहांत मुरलेला, स्वरलेखन जाणणारा वादक. गायक रॉबर्ट प्लांट व तालवादक जॉन बोनम हे दोघे इंग्लंडच्या मध्य प्रांतातले, दोघेही १९४८ सालचे. चौघांचा पहिला दौरा स्कँडिनेव्हियात जुन्याच नावाने झाला. मग नाव बदलले. ‘शिशाचे झेपेलिन’ म्हणजे वर जाताच खाली कोसळणारे विमान, अशी ती मूळची थट्टा; शिसे या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा उच्चार लोक चुकीने ‘लीड’ असा करतील म्हणून त्यातील एक अक्षर गाळण्यात आले. पहिल्या तबकडीच्या आवरणावर १९३७ साली जळून खाक झालेल्या हिंडेनबर्ग या जर्मन हवाई जहाजाचे चित्र होते. थट्टा पुढे खोटी ठरली. १९६९ ते १९७९ या अवधीत या चौघांच्या आठ मोठ्या तबकड्या निघाल्या आणि अमेरिकेतील मोठमोठी क्रीडांगणे त्यांच्या श्रोत्यांनी भरून गेली.

त्यांचा एक हट्ट येथे सांगितला पाहिजे. इंग्लंडात एकेका गाण्याची सुटी तबकडी काढावयाची नाही, असा त्यांचा नेम होता. मोठी तबकडी हीच एक रचना, तिच्यातील गाण्यांचा क्रम हा रचनेचाच भाग, अशी पेजची धारणा होती. १९७१ सालच्या चौथ्या तबकडीच्या आवरणावर तर वृंदाचे नावही त्यांनी छापू दिले नाही.

त्या चौथ्या तबकडीची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. हॅम्पशर परगण्यात हेडली ग्रेंज नावाची एक जुनी इमारत आहे. १७९५ साली ती गोरगरिबांसाठी श्रमगृह म्हणून बांधण्यात आली होती. हे घर चौघांनी भाड्याने घेतले, आणि रोलिंग स्टोन्स या वृंदाच्या मालकीची, यंत्रसामग्रीने भरलेली फिरती गाडी दाराशी आणून उभी केली. घराच्या दर्शनी भागात उंच जिना होता. बोनमचे नगारे त्या जिन्याच्या तळाशी मांडण्यात आले, आणि ध्वनियंत्रज्ञ अँडी जॉन्स याने दोन ध्वनिग्राहक वरच्या मजल्यावरून खाली लोंबकळत सोडले. नगाऱ्याला चिकटवून ध्वनिग्राहक ठेवण्याची जी रीत, तिच्या हे अगदी उलट होते. त्यामुळे नुसता नगारा मुद्रित न होता त्या जिन्याची पोकळी, भिंतींवरून परतणारा नाद, सारे घरच मुद्रित झाले. या रीतीने वाजविलेले ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हे गाणे १९२७ सालच्या मिसिसिपीच्या महापुरावर आहे. ते मूळ मेम्फिस मिनी या स्त्रीने व तिचा पती कॅन्सस जो मकॉय याने १९२९ साली मुद्रित केले होते. इंग्लंडातील गरिबांच्या घराच्या जिन्यात मिसिसिपीच्या पूरग्रस्तांचे गाणे पुन्हा उभे राहिले. त्या तबकडीवर चौघांच्या नावांबरोबर मेम्फिस मिनीचेही नाव छापलेले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिचा मृत्यू १९७३ साली झाला.

२५ सप्टेंबर १९८० रोजी बोनम पेजच्या घरी झोपेतच मरण पावला. तो बत्तीस वर्षांचा होता. मद्याचे अतिसेवन हे कारण. डिसेंबरात उरलेल्या तिघांनी वृंद बंद केल्याचे जाहीर केले, आणि तो निश्चय त्यांनी, दोनचार प्रसंग वगळता, पाळला.

यानंतर काँपॅक्ट डिस्कचा काळ आला. जुन्या तबकड्या घाईघाईने त्या नव्या रूपात काढण्यात आल्या, त्या कामी पेजचा सल्ला घेण्यात आला नाही, आणि मूळ फितींऐवजी पुष्कळदा त्यांच्या नकलांवरून काम भागविण्यात आले. ऐकणाऱ्यांना आवाज पातळ वाटू लागला. १९९० साली पेज स्वतः न्यूयॉर्कला गेला आणि जॉर्ज मरिनो या कुशल यंत्रज्ञाबरोबर बसून त्याने मूळ फिती पुन्हा तपासल्या. ऑक्टोबरातील पेटी हे त्या खटाटोपाचे फळ.

पेजने आपलाच जुना नेम येथे मोडला. गाणी कालक्रमाने न लावता त्याने त्यांची नवी गुंफण केली. पहिल्या वर्षाचे गाणे शेवटच्या वर्षाच्या गाण्याशेजारी येऊन बसले. काही श्रोत्यांना हे रुचले नाही. ग्रंथकाराने स्वतःच्या समग्र ग्रंथांची पाने फाडून नव्याने बांधणी करावी, तसा हा प्रकार होता. तथापि नव्या क्रमाने एक गोष्ट साधली: वृंदाची शांत, लाकडी गिटारवरची गाणी गडगडाटी गाण्यांच्या छायेतून बाहेर आली. १९९३ साली उरलेली गाणी दोन तबकड्यांच्या दुसऱ्या पेटीत आली, आणि त्याच वर्षी सारे काही मूळ क्रमाने दहा तबकड्यांत पुन्हा निघाले. म्हणजे ज्यांना जुना क्रम हवा होता, त्यांना तो मिळाला. फक्त पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागले.

१९९० च्या पेटीतील दुर्मिळ मुद्रणांपैकी दोन नभोवाणीची होती. जून १९६९ मध्ये बी. बी. सी.च्या कार्यक्रमांसाठी ती करण्यात आली होती. रॉबर्ट जॉन्सनच्या गाण्यावरील रचना त्यांपैकीच एक. जॉन पील याच्या ‘टॉप गियर’ या कार्यक्रमात ती एका रविवारी वाजली आणि मोठ्या तबकडीवर कधीच आली नाही. एकवीस वर्षे ती चोरट्या प्रतींवर जगली. नभोवाणीचा हा धर्मच आहे की ती बोलून मोकळी होते. जपण्याचे काम दुसऱ्याच कोणाला करावे लागते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अ‍ॅलेक्सिस कॉर्नर याच्या कार्यक्रमासाठी झालेले मुद्रण तर कार्यालयाच्या संग्रहात उरलेच नाही. ते २०१६ साली प्रसिद्ध झाले, ते एका श्रोत्याने घरी यंत्रावर उतरवून ठेवलेल्या प्रतीमुळे.

आता देण्याची गोष्ट. लेड झेपेलिनच्या पहिल्या तबकडीवरील दोन गाण्यांपुढे विली डिक्सन या शिकागोच्या ब्लूजकाराचे नाव प्रामाणिकपणे छापलेले होते. परंतु सर्वत्र असे झाले नाही. १९६९ सालच्या दुसऱ्या तबकडीवरील ‘होल लॉट्टा लव्ह’ या अतिप्रसिद्ध गाण्याचे शब्द डिक्सनच्याच एका गाण्याशी मिळतेजुळते होते. ते गाणे मडी वॉटर्स याने १९६२ साली मुद्रित केले होते. डिक्सनने १९८५ साली दावा लावला. १९८७ साली न्यायालयाबाहेर तडजोड झाली, आणि पुढील आवृत्त्यांवर त्याचे नाव आले. हाउलिन वुल्फ या गवयाच्या गाण्याविषयीही १९७२ साली असाच प्रसंग आला होता. वृंदाचे कैवारी म्हणतात की ब्लूजमध्ये कोणीच पहिला नसतो, ओळी एका मुखातून दुसऱ्या मुखात जातात. हे खरे आहे. रॉबर्ट जॉन्सननेही इतरांच्या तबकड्यांवरून पुष्कळ उचलले होते. परंतु मळ्याच्या ओट्यावर बसून दुसऱ्याची ओळ गाणे निराळे, आणि त्या ओळीचे मानधन वर्षानुवर्षे आपल्या खात्यावर जमा होऊ देणे निराळे. उलटपक्षी, प्रत्येक दावा खरा होता असेही नाही. ‘स्टेअरवे टू हेवन’ या गाण्यावरील दाव्यात २०१६ साली पंचांनी लेड झेपेलिनच्या बाजूने कौल दिला, आणि २०२० साली अपिलातही तोच कायम झाला.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र न्यायालयात गेलेच नाही. अ‍ॅन ब्रेडन ही १९५० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे विद्यार्थिनी असता तिने ‘बेब, आय अॅम गोना लीव्ह यू’ हे गाणे रचले. ते मित्रमैत्रिणींच्या मुखांतून जोन बाएझ या गायिकेपर्यंत गेले. तिची १९६२ सालची तबकडी पेजच्या ऐकण्यात आली. आणि लेड झेपेलिनच्या पहिल्या तबकडीवर ते ‘परंपरागत’ म्हणून छापले गेले. रचणारी बाई जिवंत, आणि गाणे परंपरागत! तिला स्वतःला हा प्रकार १९८० नंतर कळला. १९९० च्या पेटीत त्या गाण्यापुढे अ‍ॅन ब्रेडन हे नाव प्रथम छापले गेले, आणि तिला मागील मानधनाची बरीच रक्कम मिळाली. चकचकीत आवरण, सुधारलेला नाद, सचित्र पुस्तक या साऱ्यांहून त्या पेटीतील ही एक ओळ अधिक मोलाची होती, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या वर्षीच्या दुसऱ्या, लहान पेटीचेही असेच झाले. ती अपेक्षेच्या पलीकडे खपली, आणि रॉबर्ट जॉन्सनच्या वारसाचा प्रश्न उभा राहिला. मिसिसिपीत खडीची ट्रक चालविणारा एक वृद्ध गृहस्थ हा त्याचा पुत्र होय, असा निर्णय १९९८ साली झाला व २००० साली त्या प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयाने तो उचलून धरला.

हे देणे केवळ अमेरिकेपुरते नव्हते. १९७२ साली पेज व प्लांट मुंबईस आले असता तेथील वादकांना जमवून त्यांनी आपल्याच ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ या दोन गाण्यांचे मुद्रण केले. गिटारच्या जोडीला तबला, सारंगी व तंतुवाद्ये घेऊन ही गाणी बसविण्यात आली. १९९० च्या पेटीत त्यांना जागा मिळाली नाही. १९९३ च्या पेट्यांतही नाही. पेजने सर्व तबकड्या तिसऱ्यांदा तपासून काढल्या, तेव्हा जुलै २०१५ मध्ये ‘कोडा’ या तबकडीच्या नव्या आवृत्तीबरोबर, मुद्रणानंतर त्रेचाळीस वर्षांनी, ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली. गाण्यांच्या यादीत त्या दोहोंपुढे ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ एवढेच नाव आहे.