बिघाड हाही एक ग्राहक : अग्रक्रम रांगांच्या गणिती प्रतिमानांचा इतिहास

प्रतीक्षारांगांच्या गणिताचा आरंभ दूरध्वनीच्या व्यवहारातून झाला. कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील ए. के. एरलांग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनी संभाषणांना संभाव्यतेचे गणित लावले. आरंभीच्या प्रतिमानांत दोन गृहीतके होती : सर्व ग्राहक समान आणि सेवा देणारे यंत्र सदैव सुस्थितीत. पैकी पहिले गृहीतक ॲलन कोभॅम यांनी १९५४ मध्ये बाजूस सारले. त्यांनी ग्राहकांच्या श्रेणी कल्पून प्रत्येक श्रेणीच्या सरासरी प्रतीक्षाकाळाचे सूत्र दिले. मात्र सुरू झालेली सेवा मध्येच थांबविण्याची मुभा त्यात नव्हती.

दुसऱ्या गृहीतकाची कथा अधिक उद्बोधक आहे. हॅरिसन व्हाइट (हे पुढे समाजशास्त्रज्ञ म्हणून ख्यातनाम झाले) व ली क्रिस्टी यांनी १९५८ मध्ये 'ऑपरेशन्स रिसर्च' या नियतकालिकात बिघाड आणि अग्रक्रम यांचा एकत्र विचार मांडला. यंत्राचा बिघाड म्हणजे चालू काम थांबवून पुढे घुसणारा सर्वोच्च श्रेणीचा ग्राहक, आणि दुरुस्ती हीच त्याची सेवा. येथे एक खाच आहे. असे ग्राहक एकामागून एक साचू शकतात; बंद पडलेले यंत्र मात्र पुन्हा बंद पडत नाही. म्हणून दुरुस्तीच्या काळाची तुलना एका ग्राहकाच्या सेवेशी नव्हे, तर यंत्र त्या श्रेणीत सलग गुंतलेले असते त्या संपूर्ण अवधीशी करावी लागते.

या दृष्टीने पाहिले असता बिघाडाचा भार कोणावर पडतो हे स्पष्ट होते. समजा, यंत्र सरासरी ९ तास चालते, दुरुस्तीस १ तास लागतो आणि चालू असताना ते तासाला १० कामे उरकते. म्हणजे प्रत्यक्ष क्षमता तासाला ९ कामे. वरच्या श्रेणीची कामे तासाला ६ येत असल्यास खालच्या श्रेणीसाठी ४ ऐवजी ३ च उरतात. एकूण क्षमता दहा टक्क्यांनी घटली. खालच्या श्रेणीचा वाटा मात्र चतुर्थांशाने. त्या श्रेणीची आवक तासाला ३ वर पोहोचली की तिची रांग अमर्याद वाढते.

डी. पी. गेव्हर यांनी १९६२ मध्ये सेवेचा काळ व तीत आलेले व्यत्यय मिळून 'पूर्तताकाळ' ही संकल्पना वापरली. १९६३ मध्ये बी. अवी-इट्झाक व पी. नाओर यांनी बिघाड केवळ काम चालू असताना होतो की रिकाम्या वेळीही, असा भेद केला. चालण्याने झिजणारे यंत्र आणि वीजपुरवठा खंडित होणे या खरोखरच भिन्न गोष्टी आहेत. त्याच वर्षी के. थिरुवेंगडम यांचाही बिघाडयुक्त रांगांवरील निबंध आला. दिल्लीच्या डिफेन्स सायन्स लॅबोरेटरीतील एन. के. जयस्वाल यांनी १९६१ मध्येच खंडित सेवा जेथे थांबली तेथून पुढे सुरू होणाऱ्या अग्रक्रम रांगेचे विवेचन केले होते. त्यांचा 'प्रायॉरिटी क्यूज' हा संपूर्णपणे याच विषयाला वाहिलेला ग्रंथ १९६८ मध्ये प्रकाशित झाला.