बालीबेटातील देवळे आणि तेथील मुसलमान शेजारी

इंडोनेशिया हा जगातील सर्वांत मोठ्या मुस्लिम देशांपैकी एक. परंतु त्याच देशातील बाली या बेटावर वस्ती मुख्यत्वे हिंदूंची आहे. २०१० च्या शिरगणतीत तेथे शेकडा सुमारे ८३ हिंदू व १३ मुसलमान भरले. म्हणजे बालीतला मुसलमान आपल्यासारखाच अल्पसंख्य, आणि म्हणूनच त्याची हकीकत आपण मुद्दाम वाचावी.

तेथे देऊळ पाहण्यास गेलात तर बहुतेक ठिकाणी दाराशीच कमरेला लुंगीसारखे वस्त्र गुंडाळून वर शेला बांधावा लागतो. पाहुणा कोणत्या धर्माचा, हे कोणी विचारीत नाही. प्रवेशद्वार पाहावे तर एखादे शिखर मधोमध चिरून दोन बाजूंस सारल्यासारखे. आत उघडी आवारे, आणि माडाच्या जातीच्या झाडाच्या काळ्या तंतूंनी शाकारलेली, एकावर एक चढत गेलेली छपरे. त्यांना मेरू म्हणतात. परमेश्वरासाठी पद्मासन नावाचे उंच दगडी आसन असते, आणि ते रिकामे असते! गाभाऱ्यात मूर्ती पाहण्याची सवय असलेल्या भारतीयास याचे नवल वाटते.

या बेटावर इस्लाम आला तो तलवारीने नव्हे. गेलगेलचा राजा जावातील मजपहित दरबारी गेला असता परतताना चाळीस मुसलमान सेवक बरोबर घेऊन आला, अशी परंपरा आहे. राजा हिंदूच राहिला. सेवकांना त्याने राहण्यास जागा दिली. तेथील मशीद बालीतील सर्वांत जुनी मानली जाते.

उत्तरेकडील डोंगरातले पेगायामान हे गाव तर विद्यार्थ्यांनी नकाशात शोधून काढावे. बुलेलेंगच्या हिंदू राजाने सतराव्या शतकात जावातील मुसलमान शिपायांना येथे वसविले, असे गावकरी सांगतात. बालीत मुलांची नावे जन्माच्या क्रमाने ठेवतात: पहिला वायन, तिसरा न्योमन, चौथा केतुत. पेगायामानच्या मुसलमानांनी ही रीत सोडली नाही. वायनपुढे अब्दुल्ला, केतुतपुढे मुहम्मद, अशी नावे तेथे चालतात. पैगंबरसाहेबांच्या जन्मदिनी फुलांनी व अंड्यांनी सजविलेले उंच ताटवे मशिदीत नेतात. त्यांची धाटणी बाली पद्धतीची असते. घरची भाषा बाली, नमाज पाच वेळचीच. अशा नावांनी दीन पातळ होतो असे आपल्यातील काही वडीलधाऱ्यांना वाटेल. मला ती भीती अस्थानी वाटते. कोकणातील आपली गावावरून पडलेली आडनावे कोणाच्या ईमानाच्या आड आली आहेत?

शेजार टिकला त्याचे एक कारण पाणी. भातशेतीचे पाट वाटून घेण्यासाठी बालीत सुबक नावाच्या शेतकऱ्यांच्या मंडळ्या शेकडो वर्षे चालत आल्या आहेत. मंडळीचे विधी पाण्याच्या देवळात होतात, तरी मुसलमान शेतकरीही तिचे सभासद असतात. तो पूजा करीत नाही, पण बांध घालण्यास व पाट साफ करण्यास येतो. या पाटबंधारे पद्धतीचा २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारशात समावेश केला. शिवाय सणाला एकमेकांकडे ताटे पाठविण्याची चाल आहे. हिंदू घरातून मुसलमान घरी जाणाऱ्या ताटात डुकराचे मांस नसते. मुसलमान शेजाऱ्यास तेथे ‘न्यामा सेलाम’, म्हणजे मुसलमान भाऊबंद, असे म्हणतात.

या नात्याची कठीण परीक्षा १२ ऑक्टोबर २००२ रोजी झाली. इस्लामचे नाव घेणाऱ्या अतिरेक्यांनी कुटा येथे बॉम्ब उडविले आणि २०२ माणसे मेली. जखमींना बाहेर काढणाऱ्यांत स्थानिक मुसलमानही होते. बेटावर धर्माच्या नावाने मोठी दंगल उसळली नाही.

न्येपी हा बालीतील हिंदूंचा वर्षारंभ. त्या दिवशी दिवे नाहीत, वाहने नाहीत, रस्त्यावर माणूस नाही. विमानतळही बंद असतो. २०२४ साली न्येपी ११ मार्चला आली आणि सरकारी गणनेप्रमाणे रमजानची पहिली तरावीह त्याच रात्री. मुसलमानांनी ध्वनिक्षेपक बंद ठेवले आणि अंधारातून पायी चालत जवळच्या मशिदीत जाऊन नमाज पढली.