३०१ की ३०२?

ऑफिसात सध्या एक वाद जोरात आहे. दहा वर्षं जुनं एक मॉड्यूल आहे, लिहिणारे केव्हाच सोडून गेलेत. अर्धी टीम म्हणते फेकून द्या, नवं लिहू. उरलेली अर्धी म्हणते, चालतंय ना, मग हवं ते त्यातच बसवू. सोमवारी मला मत द्यायचंय. आणि शनिवारी सकाळी मी काय करतोय, तर जुन्या शेवरले इंजिनांचा इतिहास वाचतोय! पण विषय तोच आहे, खरंच. वाचा तर.

आधी थोडं मेकॅनिकल, आपल्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यांसाठी. ब्लॉक म्हणजे इंजिनाचा सांगाडा. त्यातल्या सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर. खाली क्रँकशाफ्ट फिरतो आणि पिस्टन किती वर-खाली जाणार हे तो ठरवतो. ते अंतर म्हणजे स्ट्रोक. बोअरचं क्षेत्रफळ गुणिले स्ट्रोक गुणिले सिलिंडरची संख्या, झाली इंजिनाची क्षमता. म्हणजे ब्लॉक तोच ठेवून क्रँक बदलला, की इंजिनच बदललं.

१९५५ साली शेवरलेने 'स्मॉल ब्लॉक' व्ही-८ आणलं. चीफ इंजिनिअर एड कोल. २६५ घनइंच, स्ट्रोक बरोब्बर ३ इंच. दोन शेजारच्या सिलिंडरांच्या केंद्रांमधलं अंतर ४.४ इंच. १९५७ मध्ये बोअर वाढवून २८३ आलं, १९६२ मध्ये बोअर ४ इंच आणि स्ट्रोक सव्वातीन इंच करून ३२७ आलं. ४.४ चा आकडा मात्र हलला नाही. आपल्या भाषेत, इंटरफेस तोच.

याचा फायदा आधी घेतला तो गॅरेजमधल्या पोरांनी. २८३ चा ब्लॉक घ्यायचा, बोअर एक अष्टमांश इंच मोठा करायचा, म्हणजे झाला ४ इंच. क्रँक मूळचाच, ३ इंची. गणित करून बघा, ३०१.६ घनइंच. पोरं त्याला '३०१' म्हणायची. स्ट्रोक छोटा असल्यामुळे पिस्टनला कमी धावावं लागतं आणि इंजिन जास्त आरपीएम झेपवतं.

१९६६ मध्ये अमेरिकेत ट्रान्स-ॲम शर्यती सुरू झाल्या. मर्यादा ५ लिटर, म्हणजे ३०५ घनइंच. शेवरलेची पंचाईत! २८३ छोटं पडणार, ३२७ नियमात बसणार नाही. त्यात जनरल मोटर्सने १९६३ मध्येच रेसिंगमधून अधिकृतपणे अंग काढून घेतलेलं. पण व्हिन्स पिगिन्स नावाच्या इंजिनिअरने साहेबांच्या, म्हणजे पीट एस्टीसच्या, गळी कल्पना उतरवली: ३२७ चा ब्लॉक, त्यात २८३ च्या स्ट्रोकचा क्रँक. १९६७ ची कॅमॅरो झेड/२८ अशी जन्माला आली. पहिल्या वर्षी फक्त ६०२ गाड्या बनल्या. १९६८ आणि १९६९, दोन्ही वर्षं ट्रान्स-ॲमचं विजेतेपद कॅमॅरोकडे गेलं.

कंपनीने या इंजिनाला नाव दिलं ३०२. बोअर ४, स्ट्रोक ३, म्हणजे तेच ३०१.६! पोरांनी दशांश सोडून दिला, कंपनीने वर ढकलला. इंजिनाची मापं तीच :-)

इथवर वाचून वाटेल, वा, जुन्यात नवं सहज बसतं. थांबा. १९६८ मध्ये कंपनीनेच क्रँकच्या मेन जर्नलचा, म्हणजे तो ब्लॉकमध्ये जिथे टेकतो त्या भागाचा, व्यास २.३० वरून २.४५ इंच केला. झालं, जुना क्रँक नव्या ब्लॉकमध्ये सरळ बसेना. मग १९७० मध्ये ४०० घनइंची इंजिन आलं. ४.४ इंचांतच एवढा मोठा बोअर कोंबायचा, म्हणून शेजारच्या सिलिंडरांच्या भिंती एकमेकींना चिकटल्या. मधून पाणी जायला वाटच उरली नाही. पण त्याचा क्रँक भारी, स्ट्रोक पावणेचार इंच. हौशी लोकांनी म्हटलं, हा क्रँक ३५० च्या ब्लॉकमध्ये घालू. बोअर ३० थाउ वाढवला (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आपले लेथवाले हाच शब्द वापरतात) की होतात ३८३ घनइंच.

आता खरी मेहनत. ४०० चं मेन जर्नल २.६५ इंची, ते घासून २.४५ वर आणायचं. रॉडचे बोल्ट आता जास्त मोठ्या वर्तुळात फिरणार, ते सिलिंडरच्या खालच्या कडेला आणि ऑइल पॅन जिथे बसतो त्या पट्टीला आपटतात. तिथे ब्लॉक ग्राइंडरने खरवडायचा. जास्त खरवडलात तर पलीकडे पाणी! वरून कॅमशाफ्टशीही टक्कर होऊ शकते. शिवाय ४०० च्या क्रँकचा तोल त्याच्या स्वतःच्या डॅम्पर आणि फ्लायव्हीलमधल्या वजनांवर अवलंबून. ३५० चे लावले तर इंजिन थरथरून बेअरिंगं खाणार. यातली एकही गोष्ट 'बसतं का?' या प्रश्नाच्या उत्तरात दिसत नाही. क्रँक बसतो हो. फिरताना आपटतो.

म्हणून जाणते लोक एक साधी गोष्ट करतात. क्रँक, रॉड, पिस्टन तात्पुरते बसवतात आणि सगळं हाताने, सावकाश, पूर्ण दोन फेरे फिरवतात (कॅमचा एक फेरा होतो तेव्हा क्रँकचे दोन होतात). प्रत्येक रॉडपाशी फट मोजतात. कमी वाटली की उघडायचं, थोडं खरवडायचं, पुन्हा फिरवायचं. कंटाळवाणं काम आहे. पण असली ३८३ इतकी झाली आणि इतकी चालली, की पुढे कंपनीनेच ३८३ चं तयार इंजिन विकायला काढलं.

१९६७ चं ३०२ सोपं गेलं, कारण बारा वर्षं कुणीतरी मापं जपली होती. ३८३ अवघड गेलं, कारण मधे ती बदलली होती. आमच्या मॉड्यूलची मापं कुणी जपलीत का, हे दोन्ही पार्ट्यांपैकी कुणीच तपासलेलं नाही. मीही नाही.

तेव्हा सोमवारी मी कुठल्याच बाजूला मत देणार नाहीये. दोन दिवस मागून घेणार. आधी हाताने दोन फेरे फिरवून बघू, कुठे आपटतंय ते.