नत्राचा हिशेब

ऑक्टोबर १९८६ मध्ये डेन्मार्कच्या गिलेलाये बंदरातल्या मच्छीमारांच्या जाळ्यात मेलेली शेवंड आली आणि ती साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली. कॅटेगॅट समुद्राच्या तळाशी प्राणवायू संपला होता. शेतांतून आणि गटारांतून आलेल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजलं, मेलं, तळाला बसून कुजलं आणि कुजता कुजता पाण्यातला प्राणवायू खाऊन गेलं. शास्त्रज्ञ हे आधीपासून सांगत होते. संसद हलली ती मात्र ही दृश्यं पाहून.

१९८७ मध्ये पहिला जलपर्यावरण आराखडा मंजूर झाला. नत्र निम्म्यावर आणायचं, स्फुरद ८० टक्क्यांनी घटवायचं, मुदत पाच वर्षं. शहरांनी आपला वाटा लवकर उचलला. सांडपाणी एका ठिकाणी गोळा होतं, तिथे शुद्धीकरण केंद्र बांधता येतं. स्फुरद झपाट्याने उतरलं.

शेती हाताला लागेना. देशातल्या जवळपास निम्म्या शेतजमिनीच्या पोटात, साधारण मीटरभर खोल, निचऱ्याचे पाइप पुरलेले आहेत. डुकरांच्या आणि गाईंच्या शेणमुताची स्लरी टाकी भरली की पावसाळी शरद ऋतूत उघड्या रानात ओतली जाई. तेव्हा ती खायला रानात पीकच नसे. पावसाबरोबर नायट्रेट पाइपात, तिथून ओढ्यात आणि ओढ्यातून खाडीत. बोट दाखवावं असं एक गटार कुठेच नाही.

म्हणून नियम टाकीपासून सुरू झाले. नऊ महिन्यांची स्लरी मावेल एवढी साठवण हवी, म्हणजे वसंतापर्यंत थांबता येतं. कापणीनंतर रान मोकळं सोडायचं नाही. उरलेलं नत्र धरून ठेवायला गवत किंवा मोहरी पेरायची. मग आली खताची वही, आणि या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच. पीक आणि माती पाहून प्रत्येक शेताला नत्राचा कोटा ठरला. स्लरीतल्या नत्राचा ठरावीक हिस्सा पिकाला मिळालाच असं धरून तो कोट्यातून वजा होऊ लागला. २००३ पर्यंत डुकरांच्या स्लरीसाठी हा हिस्सा ७५ टक्क्यांवर नेला गेला. स्लरी वाया घालवली तर तेवढी खताची पोती कमी मिळणार! कालपर्यंत टाकून द्यायची वस्तू शेतकरी जपून वापरू लागला.

तरीही १९९७ च्या उन्हाळ्यात मारियागर खाडीच्या आतल्या भागातला प्राणवायू पुरता संपला आणि तिथलं जीवन मेलं. पुढच्याच वर्षी दुसरा आराखडा आला आणि नत्राची मर्यादा सर्वाधिक नफा देणाऱ्या मात्रेहून १० टक्के खाली आणली गेली. २००३ मध्ये शेतांतून झिरपणारं नत्र जवळपास निम्म्यावर आलं. पाच वर्षांच्या कामाला सोळा लागली, पण ते झालं.

शेतकऱ्यांची तक्रारही खोटी नव्हती. गव्हातली प्रथिनं घटली होती, आणि १८८२ पासून सहकारी दूधसंस्था चालवणारा हा वर्ग राजकारणात दुबळा कधीच नव्हता. २०१५ च्या अखेरीस मर्यादा सैल करण्याचा करार झाला. पाण्यावर त्याचा काय परिणाम होईल याचे आकडे सरकारने बरे दिसतील असे मांडल्याचा आरोप झाला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मंत्री एव्हा केयर हान्सन यांना पद सोडावं लागलं. नियम मात्र सैलच राहिले. हे घडायला नको होतं. २०२३ च्या शरदात प्राणवायूची टंचाई पुन्हा दूरवर पसरली आणि एप्रिल २०२४ मध्ये लोकांनी वायले खाडीची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली.

त्याच वर्षी सरकार, शेतकरी संघटना आणि निसर्गसंस्था यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. अडीच लाख हेक्टरांवर नवं जंगल लावायचं आणि सखल जमिनी पुन्हा पाणथळ करायच्या, असं ठरलं. त्यासाठी सुमारे ४३ अब्ज क्रोनरची तरतूद आहे. नेमकी कोणाची शेतं जाणार, हे राजधानीत ठरत नाही. नगरपालिका, शेतकरी आणि निसर्गप्रेमी यांच्या २३ स्थानिक गटांवर ते सोपवलं आहे.