डबल क्लचचे दिवस

आमच्या घरी एक जुनी विलीज जीप होती. मागच्या सीट काढून, लाकडी फळ्यांचा हौदा बसवून वडिलांनी तिचा पिकअप करून घेतला होता. चिपळूणहून कऱ्हाडला आंब्याच्या पेट्या तिच्यातून जायच्या. १९७६ च्या उन्हाळ्यात, लायसन्स मिळून जेमतेम महिना झालेला असताना, कुंभार्ली घाटात मी तिचं स्टिअरिंग हाती घेतलं. शेजारी आमचे जुने ड्रायव्हर. सगळे त्यांना मामा म्हणत.

एका वळणावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये दम टाकू लागली. मी क्लच दाबला आणि दांडा पहिल्याकडे ओढला. कर्रर्र! गिअर पडला नाही, आणि पुन्हा दुसराही सापडेना. भरलेली गाडी मागे सरकू लागली. ब्रेक होता, पण नावापुरताच. मामांनी खाली उडी टाकली आणि चाकामागे दगड लावला. मागे दरी होती, ती मी नंतर पाहिली. मामा एवढंच म्हणाले, ‘‘अरे, चालत्या गाडीला पहिला असा पडत नाही. त्याला आधी विचारावं लागतं.’’

या ‘विचारण्या’मागचा इतिहास मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाला. दातेरी चक्रं सरकवून एकमेकांत अडकवायची, ही गिअर बॉक्सची रीत १८९० च्या दशकात फ्रान्समधल्या पानार-लव्हासॉरच्या गाड्यांनी रूढ केली. पण वेगवेगळ्या गतीने फिरणारे दाते एकमेकांत घुसवणं म्हणजे धावत्या एसटीतून दुसऱ्या धावत्या एसटीत पाय टाकणं. दोन्हींची गती सारखी असेल तरच जमायचं. ती सारखी करायचं काम पुढची तीसेक वर्षं ड्रायव्हरच्या कानाकडे आणि पायाकडे होतं.

१९२८ साली कॅडिलॅकने अर्ल थॉम्पसन यांनी शोधलेला सिंक्रोमेश आणला. दाते भिडण्याआधी शंकूच्या आकाराचे दोन भाग एकमेकांवर घासतात आणि गती जुळवून देतात. पुढे या कामाला पितळी रिंगा आल्या. पण ही सोय आधी वरच्या गिअरना मिळाली. पहिला गिअर उभी गाडी हलवण्यापुरता, त्यावर खर्च कशाला, असा हिशेब! पोर्शने १९५२ मध्ये चारही गिअरना ती दिली. मालवाहू गाड्या मात्र मागेच राहिल्या. शेवरलेच्या पिकअपमधल्या चार गिअरच्या बॉक्सचा पहिला गिअर पुढेही बरीच वर्षं तसाच होता. विलीज जीपचंही तेच. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत तिची जुळणी सुरू केली, तेव्हा तिचा तीन गिअरचा बॉक्सही तिच्याबरोबर आपल्या घाटात आला.

आमच्या जीपमध्ये पहिल्या गिअरला इंजिनचे सुमारे पावणेतीन फेरे झाले की मागच्या शाफ्टचा एक व्हायचा. दुसऱ्याला साधारण दीडच. म्हणजे दुसऱ्यात इंजिन हजार फेऱ्यांवर असेल, तर त्याच वेगात पहिला पडायला अठराशे हवेत. म्हणून क्लच दाबून न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर. हा डबल क्लच. चढावर हे सगळं गाडी थांबायच्या आत! मला ते जमायला दोन हंगाम लागले.

मामांचं दुसरं शास्त्र ऑइलचं. नव्वद नंबरचं ऑइल बाजूच्या भोकातून ओघळेपर्यंत भरायचं, आणि काढलेलं ऑइल उन्हात धरून पाहायचं. पिवळी चमक दिसली की पितळी रिंगा झिजल्या. एकदा मिस्त्रीने जास्त ताकदीचं म्हणून डिफरन्शियलचं ऑइल बॉक्समध्ये ओतलं, तर मामांनी ते तिथल्या तिथे काढायला लावलं. कारण त्यांना सांगता आलं नाही. तसल्या ऑइलमधली गंधकयुक्त रसायनं पितळ खातात, हे मी पुढे वाचलं. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणाऱ्याला तर ते सरळ खाली उतरवत. मलाही दोनदा उतरवलं.

जीप १९८९ मध्ये विकली. न्यायला आलेल्या मुलाने अंगणातच वळण घेताना चालत्या गाडीला पहिला टाकायला दांडा ओढला. कर्रर्र झालं. मामा आमच्या ओट्यावर चहा घेत होते. त्यांनी कपबशी खाली ठेवली, चप्पल घातली आणि त्या मुलाच्या शेजारी जाऊन बसले. दोघे कऱ्हाडपर्यंत बरोबर गेले. संध्याकाळच्या एसटीने मामा परत आले.