विष्णुदासी खेळ : पात्रे, नियम व परिभाषा

विष्णुदासी खेळ : सांगली संस्थानात १८४३ मध्ये सुरू झालेला, पुराणकथांवर आधारलेला मराठी नाट्यप्रकार. सूत्रधाराने गायची पदे रचलेली असत आणि नटांची भाषणे आयत्या वेळी होत. प्रवर्तक विष्णु अमृत भावे ऊर्फ विष्णुदास (सु. १८१९–९ ऑगस्ट १९०१). देव, दानव, ऋषी, राजे, वानर अशी अद्‌भुत पात्रे अंगावर घ्यायची आणि ठरलेल्या चौकटीत राहून स्वतःच्या शब्दांत बोलायची, हे याचे मुख्य लक्षण. त्यामुळे नाट्येतिहासात जशी याची दखल घ्यावी लागते, तशीच जगभर खेळल्या जाणाऱ्या अद्‌भुतरम्य भूमिकाखेळांच्या अभ्यासातही घ्यायला हवी. सांगली-सातारा भागात भूमिका घेऊन खेळण्याचे नियम आणि शब्द यांची परंपरा निदान पावणेदोनशे वर्षांची आहे.

पूर्वपीठिका : उत्तर कन्नड भागातील कर्की येथील भागवत मंडळींचा खेळ १८४२ च्या सुमारास सांगलीत झाला. हा यक्षगानाच्या परंपरेतला प्रकार होता. त्यात भागवत पदे गातो आणि नट त्या पदाचा अर्थ उत्स्फूर्त भाषणाने उलगडतो. संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी तो पाहिला आणि मराठीत असे, पण अधिक नेटके काही करावे अशी आज्ञा पदरच्या विष्णुदासांना केली. भावे यांचे वडील संस्थानच्याच नोकरीत होते. विष्णुदासांना काव्याचे अंग होते आणि लाकडी बाहुल्या घडवण्याचा हातही होता. त्यांनी रामकथेवर पदे रचली, माणसे जमवली, तालमी घेतल्या. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी आप्पासाहेबांसमोर ‘सीतास्वयंवरा’चा प्रयोग झाला. कीर्तन, लळित, तमाशा आणि कोकणातील दशावतार यांचे या घडणीतील ऋण किती, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. कर्कीकरांचा खेळ हे तात्कालिक निमित्त होते, एवढे बहुतेकांना मान्य आहे.

खेळाचा क्रम : आरंभीचा पूर्वरंग जवळजवळ सर्व आख्यानांना सारखाच असे. आधी सूत्रधार साथीदारांसह मंगलाचरण म्हणतो. मग वनचराच्या वेषात विदूषक उड्या मारीत येतो. सूत्रधार त्याला तू कोण, कोठला असे विचारतो. तो वाकडी उत्तरे देतो. या झटापटीतून आज कोणते आख्यान लावायचे आहे ते प्रेक्षकांना कळते. विघ्न येऊ नये म्हणून सूत्रधार गणपतीचे स्तवन करतो. पडदा दूर होतो, गजानन प्रकटतो आणि सूत्रधार हात जोडून निर्विघ्नतेचा वर मागतो. विदूषक मात्र त्या सोंडेकडे पाहून दचकतो, नको ते प्रश्न विचारतो. गणपती वर देऊन गेला की सरस्वतीचे आवाहन होते. ती मोरावर आरूढ होऊन नाचत येते आणि वाणीचा वर देते. नटांना पुढे रात्रभर न लिहिलेले बोलायचे असे. त्यामुळे वाणीच्या देवतेला आधी बोलावणे हा येथे केवळ उपचार नव्हता. खेळ त्या वरावरच उभा होता. यानंतर मुख्य आख्यान सुरू होई.

परिभाषा : खेळ समजण्यासाठी पुढील शब्द आवश्यक आहेत.

*आख्यान* – खेळाची कथा. ती रामायण, महाभारत किंवा पुराणांतली असे. आख्यान ‘लावतात’.

*सूत्रधार* – खेळाचा चालक. आरंभापासून शेवटपर्यंत रंगस्थळी एका बाजूला हजर. सर्व पात्रांची पदे तोच साथीदारांसह गातो. पात्र कधी येणार, प्रसंग कोठे संपणार, हे त्याच्या पदावर ठरते.

*पद* – सूत्रधाराने गायचा, प्रसंग सांगणारा पद्यभाग. नटाला मिळणारी सूचना ती हीच.

*भाषण* – पद संपल्यावर नटाने स्वतःच्या शब्दांत करावयाचे बोलणे. आशय आधी समजावून दिलेला असे, शब्द नटाचे.

*सोंग* – वेष आणि अवसान यांसह घेतलेली भूमिका. सोंग नुसते ‘आणून’ भागत नाही, ‘वठावे’ लागते.

*पार्ट* – नटाचा ठरलेला भूमिकावर्ग : राजापार्ट, राक्षसपार्ट, स्त्रीपार्ट. हा शब्द नाटकमंडळ्यांत पुढे रूढ झाला, विभागणी मात्र मुळापासूनची.

*विदूषक* – हास्यकारी पात्र. सामान उचलणे, पात्राला उशीर झाल्यास वेळ मारून नेणे, भाषण अडखळल्यास पुरवणी जोडणे ही कामेही त्याच्याकडे.

*राळ* – मशालीवर उधळून भडका करण्याची पूड. राक्षसाच्या प्रवेशाची खूण.

*अलल डुर्र* – राक्षसांची आरोळी. हिच्यावरून या खेळांना पुढे ‘अललडुर्र’ म्हणू लागले. झांज-मृदंगाच्या बोलांवरून ‘तागडथोम’ हेही नाव पडले. दोन्ही नावांत नंतरच्या पिढीची हेटाळणी आहे. ती मूळ प्रकाराचे वर्णन म्हणून वापरू नयेत.

भाषणाचे नियम : हे नियम लिहून ठेवलेले नव्हते. छापील पदे आणि प्रयोगांची जुनी वर्णने यांवरून ते असे मांडता येतात. (१) पदाने जे घडले असे सांगितले ते नटाला बदलता येत नाही. (२) पदात जे सांगितलेले नाही ते नटाचे. तेथे तो हवे तेवढे खुलवू शकतो. (३) पात्राने आपल्या वर्गाच्या मर्यादेत बोलावे. ऋषी गंभीर, राजा धीरोदात्त, राक्षस उद्दाम. (४) विदूषकाला ही मर्यादा नाही. (५) सूत्रधाराने पुढचे पद उचलले की भाषण थांबते.

हे स्पष्ट होण्यासाठी स्वयंवरातील धनुर्भंगाचा प्रसंग घ्यावा. रावण धनुष्य उचलायला जातो आणि त्याची फजिती होते, हे श्रीधर कवींच्या ‘रामविजय’ या ग्रंथामुळे घरोघर ठाऊक होते. धनुष्य उचलले जाणार नाही, हे नटालाही माहीत आणि समोर बसलेल्या पोरालाही. मोकळी राहते ती मधली जागा. रावणाने किती बढाया माराव्यात, सभेतल्या राजांना कसे हिणवावे, कैलास हलवल्याची आठवण कितीदा द्यावी, धनुष्याखाली दडपल्यावर ओरडावे की दात-ओठ खात गप्प राहावे, आणि नेमक्या त्या क्षणी विदूषकाने काय विचारावे, हे त्या रात्रीचे नट ठरवीत. शेवट पक्का असल्यामुळेच वाट मोकळी सोडता येई. या प्रकाराचे सारे बळ येथे आहे, आणि नाट्येतिहासांनी याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले आहे.

भावे यांनी ‘नाट्यकवितासंग्रह’ १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात विविध आख्यानांची पदे आहेत. भाषणे लिहिलेलीच नसल्यामुळे ती छापली जाण्याचा प्रश्न नव्हता. नुसती पदे वाचून या नाटकांना प्राथमिक किंवा ओबडधोबड ठरवणे हे म्हणून अन्यायाचे आहे. पदे ही खेळाची नियमावली आहे. खेळ नटांच्या तोंडी होता.

राक्षसपार्ट : पूर्वरंग संपून आख्यान रंगात आले की राक्षसाची पाळी येई. आधी आतून आरोळी, मग झांजांचा कल्लोळ, मग मशालीवर राळेचा भडका, आणि त्या उजेडात मोकळे केस, रंगवलेला उग्र चेहरा, हातात नंगी तलवार अशी आकृती थयथयाट करीत बाहेर पडे. लहान मुले आयांच्या पदराआड दडत. या प्रवेशाला कथेत फारसे काम नसे. त्याचे काम प्रेक्षकाला सांगणे की आता नेहमीचे जग संपले. युद्धप्रसंगांतही प्रहार मोजून-मापून, तालावर होत. राक्षसपार्ट करणाऱ्याला आवाज आणि दमसास लागे.

स्त्रीपार्ट : सर्व स्त्रीभूमिका पुरुष, बहुधा तरुण मुलगे करीत.

प्रसार : आप्पासाहेब १८५१ मध्ये वारले आणि संस्थानचा आश्रय आटला. भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत, ग्रँट रोडवरील नाट्यगृहातही, तिकीट लावून प्रयोग केले. दरबारी खेळ येथे लोकांचा झाला. त्यांच्या धर्तीवर इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर, पुणेकर अशा अनेक मंडळ्या निघाल्या. १८६२ च्या सुमारास भावे यांनी व्यवसाय सोडला.

तमाशातील वगाशी नाते : आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. कृष्णाकाठचा हा सारा पट्टा तमाशाचाही आहे. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे. शिवा-संभा कवलापूरकरांचा फड कवलापूरचा. तमाशाचा क्रम गण, गौळण, बतावणी, वग असा. गणात गणपतीचे आवाहन, वगात कथा, संवाद बहुतांशी आयत्या वेळचे, आणि विदूषकाच्या जागी सोंगाड्या. गौळणीतील मावशी व पेंद्या ही ठरलेली पात्रे. कलगी-तुऱ्याच्या सामन्यात तर उघड स्पर्धा असे : तुरेवाले शिवाला आणि कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानीत, एका बाजूने भेदिक, म्हणजे कूट, सवाल टाकायचा, दुसरीने गाऊनच जबाब द्यायचा, जबाब न आल्यास हार. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांनी वगाचे लोकनाट्य केले आणि जुनी चौकट नव्या आशयासाठी वापरली. कोणी कोणाकडून काय घेतले हे सिद्ध करणे कठीण. साम्य मात्र नजरेत भरणारे आहे.

आधुनिक भूमिकाखेळांशी तुलना : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला, अशा खेळांची सुरुवात सामान्यतः तेथून मानतात. तो टेबलाभोवती बसून, बोलून खेळतात. एक जण डंजन मास्टर होतो. तो जग आणि प्रसंग वर्णितो, इतर पात्रे चालवतो आणि निवाडा देतो. बाकीचे प्रत्येकी एका पात्राच्या वतीने बोलतात. पात्राची माहिती कॅरेक्टर शीटवर लिहिलेली असते. पात्राचा वर्ग म्हणजे क्लास. मूळ खेळात योद्धा, जादूगार आणि धर्मोपासक असे तीन होते. बळ, चापल्य, बुद्धी यांसारखे सहा गुण फासे टाकून ठरवीत. तीन फाशांची बेरीज घेतल्याने गुण ३ ते १८ मध्ये पडे. घाव सोसण्याची ताकद हिट पॉइंटांत मोजतात. अनुभव साठला की पात्राची लेव्हल वाढते. वार लागला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो.

सूत्रधार आणि डंजन मास्टर, पार्ट आणि क्लास, पद आणि प्रसंगवर्णन या जोड्या सहज जुळतात. दोन्हींत शब्द खेळणाऱ्याचे असतात. फरक निकालाचा आहे. तिथे धनुष्य उचलले जाईल की नाही ते फासा सांगतो. इथे ते पुराणाने आधीच सांगितलेले असते. तिथे उत्कंठा ‘काय होईल’ याची, इथे ‘कसे होईल’ याची. शिवाय तिथे प्रेक्षक असण्याची गरज नाही. विष्णुदासी खेळ प्रेक्षकाशिवाय संभवत नाही. या दोहोंत ऐतिहासिक संबंध नाही. तरी ज्या मराठी वाचकाला भूमिकाखेळाचे नियम परके वाटतात, त्याने सूत्रधाराकडून सुरुवात केल्यास ते लवकर उमगतात.

ऱ्हास : विनायक जनार्दन कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) या नाटकासारख्या लिखित संहिता आल्या तशी ‘बुकिश’ नाटकांची प्रतिष्ठा वाढली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले. पात्रे आपली पदे आपणच गाऊ लागली आणि सूत्रधार नांदीपुरता उरला. नटाच्या मोकळ्या भाषणाचा हक्क त्याबरोबरच गेला. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आणि सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे पुढचे मोठे नाटककार लिखित परंपरेचेच.

आद्यत्वाचा प्रश्न : तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मराठी नाटके लिहिली गेली. जोतीराव फुले यांचे ‘तृतीय रत्न’ १८५५ चे. ‘पहिले मराठी नाटक’ कोणते, याचे उत्तर म्हणून निकषाप्रमाणे बदलते. महाराष्ट्रातील सलग प्रयोगपरंपरेचा आरंभ १८४३ चा, हे मत सर्वाधिक रूढ आहे.

वेशभूषा : पोशाख, मुकुट व शस्त्रे प्रथम संस्थानच्या खर्चाने झाली.

स्मृती : ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी सांगलीत अखिल महाराष्ट्र नाट्य विद्यामंदिर समितीतर्फे विष्णुदास भावे गौरवपदक दिले जाते. भावे यांच्या बाहुल्या रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा खेळवल्या. सांगलीतील नाट्यगृहाला भावे यांचे नाव आहे.