लोणार सरोवर

लोणार सरोवर : जालना जिल्ह्याच्या मंठा तालुक्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार गावाशेजारचे खारे, अल्कधर्मी विवर-सरोवर. अक्षांश सुमारे १९° ५८′ उ., रेखांश ७६° ३१′ पू. विवराचा व्यास सुमारे १.८ किमी., काठापासून तळाची खोली सुमारे १५० मी. आणि पाण्याचा व्यास सुमारे १.२ किमी. जालना शहराहून मंठ्याच्या किंवा सिंदखेड राजाच्या वाटेने शंभर किलोमीटरच्या आत येथे पोहोचता येते. ज्वालामुखीच्या खडकात असूनही हे विवर ज्वालामुखीचे नाही. अशनीच्या आघाताने ते झाले आहे. ही गोष्ट कळण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे काठावरून पाण्यापर्यंत पायी उतरणे. वरून पाहून परतणाऱ्याला एक गोल तळे दिसते, उतरणाऱ्याला मात्र खडकांचा सगळा क्रम दिसतो.

जालन्यापासून इथवरचा मुलूख काळ्या कातळाचा आणि त्यावरच्या काळ्या कापसाच्या जमिनीचा आहे. कुठे विहीर खणली तरी माती, मुरूम आणि मग पाषाण हाच क्रम लागतो. हा पाषाण म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून वाहिलेला दख्खनचा लाव्हा. शंकूसारखे डोंगर रचणारे हे उद्रेक नव्हते. पातळ लाव्हाचे पूर एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून सपाट पठार उभे राहिले. विवराचा काठ भोवतालच्या रानापेक्षा जेमतेम वीसेक मीटर उंच असल्याने लांबून काहीच कळत नाही. शेवटचा चढ संपताच जमीन तुटते आणि तळाशी पाणी दिसते.

वाट उतरू लागली की विवराच्या भिंतीत लाव्हाचे पाचसहा थर ओळखू येतात. घट्ट काळा पाषाण, त्यावर सच्छिद्र आणि सहज फुटणारा भाग, मग मध्येच लालसर किंवा हिरवट मातकट पट्टा, आणि पुन्हा काळा पाषाण. रंगीत पट्टे दोन पुरांमधील उसंत सांगतात. एक पूर थंड झाला, ऊनपावसाने झिजला, त्यातल्या लोहाला गंज चढला आणि मग त्यावर पुढचा पूर आला. पठारावर हे थर आडवे असतात. काठाजवळ मात्र ते बाहेरच्या बाजूला कलंडलेले आणि काही ठिकाणी उलटलेले आहेत. आतून प्रचंड जोर आला तरच पाषाण असा वाकतो. बाहेर उडालेला राडारोडा काठाभोवती एक किलोमीटरहून अधिक पसरला असून त्यात वितळून पुन्हा गोठलेली काच सापडते. शेताच्या बांधावर पडलेले असे तुकडे येणाऱ्याने उचलू नयेत. या जागेचा पुरावा तोच आहे.

जोर कुठून आला, यावर दीडशे वर्षे मतभेद होते. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेचे वर्णन केले. एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिकांनी ज्वालामुखीय स्फोट किंवा त्यानंतरचे खचणे असा निर्वाळा दिला. सारा मुलूखच लाव्हाचा असल्याने तो तर्क स्वाभाविक होता. १८९६ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील विवराशी लोणारचे साम्य दाखवले. पण त्या विवराचे कारणही त्यांच्या मते वाफेचा स्फोटच होते. निकाल लागला तो तळाशी छिद्रे पाडून वर काढलेल्या खडकांवरून. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खडकांत मॅस्केलिनाइट आढळल्याचे प्रसिद्ध केले. प्लॅजिओक्लेज या खनिजाची स्फटिकरचना न वितळता, केवळ धक्क्याच्या दाबाने मोडली की ही काच बनते. कोणत्याही ज्वालामुखीत एवढा दाब निर्माण होत नाही.

जगातील बेसाल्टमधले हे एकमेव आघातविवर, असे फलकांवर आणि पुस्तकांत अजून वाचायला मिळते. ते खरे नाही. ब्राझीलच्या दक्षिण भागात बेसाल्टमध्ये अशी विवरे आहेत, पण ती फार झिजलेली आहेत. इतका शाबूत, वाटोळा आणि पायाने तपासता येणारा नमुना लोणारचाच, आणि तेवढे मोठेपण या जागेला पुरेसे आहे. मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसाल्टचा असल्याने तिथल्या विवरांच्या अभ्यासकांना लोणार मोलाचे वाटते. मंगळावरच्या एका विवराला लोणारचे नाव दिलेले आहे.

वयाबाबत एकमत नाही. १९९७ मध्ये काचेच्या तापदीप्तीवरून सुमारे ५२ हजार वर्षे असा अंदाज निघाला. २०११ मध्ये आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे हा आकडा आला. दोहोंत दसपटीचे अंतर आहे. विवराची शाबूत कड पाहून लहान आकडा पटतो, तर मोजमापाच्या पद्धतीमुळे दुसऱ्याचे वजन अधिक वाटते. प्रस्तुत नोंदकाराचा कल दुसऱ्याकडे आहे.

आघातानंतर काही काळ ही जागा खरोखर उष्ण होती. तडे गेलेल्या, तापलेल्या पाषाणात पाणी शिरले आणि त्याने खनिजे बदलून टाकली. छिद्रांतून काढलेल्या नमुन्यांत या बदलातून बनलेल्या मृत्तिका सापडल्या; हॅगर्टी आणि न्यूसम यांनी २००३ मध्ये त्यांचा अभ्यास मांडला. ती उष्णता केव्हाच निवली. विवरात आज झिरपणारे झरे थंड आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरी, तुरळ-राजवाडी किंवा जळगाव जिल्ह्यातील उनपदेव येथील कुंडांशी त्यांची गल्लत करू नये. त्या ठिकाणी पावसाचे पाणी भेगांतून खोल जाऊन भूगर्भाच्या उबेने तापून वर येते.

तरीही रंगांच्या बाबतीत लोणार जगातल्या भूऔष्णिक उद्यानांच्या पंक्तीत बसते. न्यूझीलंडमधील वाय-ओ-तापू येथे उष्ण कुंडाचा नारिंगी काठ आर्सेनिक आणि अँटिमनीच्या सल्फाइडांमुळे दिसतो. अमेरिकेच्या यलोस्टोनमधील मोठ्या रंगीत झऱ्याची पिवळी-तांबडी कडा उष्णतेत जगणाऱ्या सूक्ष्मजीवांची असते. लोणारचे रंग दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे जीवांचे आहेत. फक्त त्यांना उष्णतेऐवजी क्षार सोसावे लागतात. सरोवराला बाहेर वाट नाही. बेसाल्ट झिजून आलेले क्षार पाण्यात येतात, उन्हाने पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. त्यामुळे पाण्याचा सामू १० च्या वर जातो. अशा पाण्यात नीलहरित शैवाले, विशेषतः स्पिरुलिना, दाट माजतात आणि सरोवर एरवी हिरवे दिसते. काठाशी मात्र राखाडी-काळा चिखल, त्यावर पांढरी क्षाराची पापडी आणि कुजक्या अंड्यांचा वास असतो. हा वास म्हणजे चिखलातील प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंचे काम.

जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली आणि नमुने तपासणीला गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण सांगितले ते असे : पाऊस कमी, उन्हाळा कडक, पाणी आटलेले, क्षारता वाढलेली, आणि त्यामुळे गुलाबी रंगद्रव्य असलेल्या हॅलोआर्किया या क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांची वाढ. पावसाने पाणी वाढल्यावर रंग ओसरला. त्या दिवसांत लोक याला चमत्कार किंवा अरिष्ट म्हणत होते. खरे तर सरोवराने आपल्या क्षारतेची नोंद रंगातून दिली होती, आणि ती वाचता आली हे चांगले झाले.

विवराच्या ईशान्येला गोमुखाची धार बारमाही वाहते. गावकरी तिला नुसते ‘धार’ म्हणतात. तिच्याजवळ सीता न्हाणी, आणि खाली पाण्याकडे जाताना झाडीत विखुरलेली हेमाडपंती देवळे आहेत. सरोवराच्या काठावर कमळजादेवीचे मंदिर असून नवरात्रात तिथे यात्रा भरते. मंदिराजवळच्या सासू-सुनेच्या विहिरीत एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारे लागते, असे सांगतात. विवरात गोड झरा आणि खारे सरोवर इतक्या जवळ नांदतात की ते अशक्य वाटत नाही. गावातील दैत्यसूदन मंदिर तर थांबून पाहावे असे आहे. ताराकृती रचना, छतावरील आणि बाह्यभिंतींवरील दाट कोरीवकाम, आणि लवणासुराला चिरडून उभा विष्णू. लवणासुर भूमीखाली दडून राहिला होता, विष्णूने त्याच्या बिळाचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडवले आणि तिथे हे विवर राहिले, अशी कथा आहे. वरून आलेल्या आघाताने जमीन उघडली, हे तिचे सार विज्ञानाच्या निष्कर्षापासून फार दूर नाही.

क्षारांचा उद्योगही जुना आहे. मोगल काळात लोणार मेहकर सरकारात मोडत असे; काच आणि साबणासाठी लागणारा माल येथे मिळतो आणि त्याच्या जकातीतून उत्पन्न येते, अशी नोंद ‘आईन-ए-अकबरी’त आहे. पुढेही उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावरचे क्षार गोळा होत. पापडी, भुसकी, डल्ला, खुप्पल ही त्यांची प्रतवारीची नावे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७९ मध्ये या जागेला राष्ट्रीय भूस्मारक मानले, २००० मध्ये अभयारण्य झाले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर पाणथळ म्हणून नोंद झाली. विवरात मोर, वानर आणि स्थलांतरित पक्षी दिसतात. सरोवराचे दोन शत्रू ठळक आहेत. एक म्हणजे गावाकडून येणारे सांडपाणी, दुसरा काठाभोवती माजलेली विलायती बाभूळ. गोड्या पाण्याचा आणि मैल्याचा ओघ वाढला तर क्षारता घटेल, सामू उतरेल आणि हजारो वर्षे टिकलेले सूक्ष्मजीव सामान्य तळ्यातल्या जीवांपुढे हरतील. सौंदर्यीकरणाच्या नावाखाली विवरात बांधकाम होऊ नये, हा आग्रहही याच कारणाने धरायला हवा. इथे राखण्याजोगी वस्तू म्हणजे पाण्याची रासायनिक घडण.

भेट नोव्हेंबर ते फेब्रुवारीत द्यावी. सकाळी उतरावे, कारण उन्हात परतीचा चढ दमवतो. ओल्या काठावर पाय घोट्यापर्यंत रुततो, म्हणून पाण्याच्या अगदी कडेने चालू नये. विवराच्या पूर्ण काठाचा फेरा सुमारे सहा किलोमीटरचा आहे. वाट सोडून झाडीत शिरू नये आणि वनविभागाची परवानगी घेऊनच खाली उतरावे.